बारा स्क्रू आणि सागवानाचा एक तुकडा

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ साली बाजारात आली तेव्हा तिच्या ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या भागावर, क्रोमचं चकचकीत झाकण असायचं. दिसायला झोकदार, पण वाजवणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. झाकण असलं की उजवा तळहात तारांच्या मुळाशी टेकवून आवाज दाबता येत नाही. लोकांनी ते काढून बाजूला ठेवलं, काहींनी त्यात सिगारेटची राख झाडली, आणि त्याला ॲशट्रे हेच नाव पडलं. गिटारवाले ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात गमतीपेक्षा कामाची माहिती जास्त दिसते. ज्यांनी तो ब्रिज आखला त्यांच्या हिशेबात तळहात तिथे यायचाच नव्हता. वर झाकण आहे म्हटल्यावर खालचे स्क्रू कसेका असेनात!

झाकण गेलं, स्क्रू राहिले. सहा तारांचे सहा सॅडल, म्हणजे तारा टेकायच्या बैठका, आणि प्रत्येक सॅडल खालीवर करायला त्यातून आरपार जाणारे दोन-दोन बारीक ग्रब स्क्रू, असे एकूण बारा. आता झाकण लावून वाजवणारा क्वचितच दिसेल, पण त्या घडणीचे ब्रिज अजून निघतात आणि स्वस्तातल्या नकलांमध्ये तर तेच जास्त.

माझी गिटार अशीच एक आशियाई बनावटीची नक्कल. इथल्या, नागपुरातल्या, इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला एक मुलगा नोकरीसाठी बंगळूरला निघाला होता, सामान कमी करत होता, त्याच्याकडून घेतलेली. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ, आवाज गोड, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपबद्दलही तक्रार नाही. मी काही स्टेजवरचा वादक नव्हे. नोकरी करून, जेवणं आटोपल्यावर हेडफोन लावून तासभर वाजवणारा माणूस. पण वाजवून उठलो की करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर दोन लाल ठिपके उमटलेले असायचे, जाड ‘ई’ तारेच्या सॅडलवरच्या दोन स्क्रूंमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर. पुढे तिथे घट्टा पडला. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले की गिटारवाला ते कौतुकाने दाखवतो. उजव्या तळहाताच्या या घट्ट्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. तो नुसता लोखंडाचा जाच.

ज्यांना सांगितलं त्यांनी एकच उत्तर दिलं: वाजवत राहा, हात बसेल. आपल्याकडे वाद्याच्या बाबतीत हे फार चालतं. दुखलं म्हणजे रियाज झाला, असा एक समज मुरलेला आहे. मांडी घालून पाय बधिर होईपर्यंत बसायचं, बोट कापलं तरी सोडायचं नाही. त्यातला काही भाग खराच आहे, कारण बोटाची कातडी तारेवरच तयार होते. पण कारखान्यात बाराही स्क्रू एकाच लांबीचे टाकले म्हणून जे टोचतं, ते सोसण्यात कसली साधना?

शिवाय ज्या गिटारबद्दल बोलतोय ती मुळात वादकांच्या तक्रारींतून घडलेली. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे वाजवणारे काय म्हणतात ते ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. त्यांच्या आधीच्या टेलिकास्टरचं अंग म्हणजे सरळ कापलेली फळी, तिच्या कडा बरगड्यांत रुतायच्या. बिल कार्सनसारख्या वादकांनी कुरकुर केली आणि स्ट्रॅटच्या अंगाला पोटाकडून खोलगट बाक आला, हात टेकतो तिथे उतार आला. कार्सनला प्रत्येक तारेचा सॅडल वेगळा हलवता यायला हवा होता, तेही झालं. म्हणजे पोट, बरगड्या, कोपर या सगळ्यांची सोय पाहिली गेली. तळहात तेवढा झाकणाखाली राहून गेला.

ट्रेमोलो ब्रिजची, म्हणजे दांडी दाबून सूर हलवता येणाऱ्या या ब्रिजची, घडण लिओ फेंडर यांच्या डोक्याची साक्ष देते, यात वाद नाही. पहिला आराखडा आवाजाला कमी पडला तेव्हा तो मोडीत काढून पुन्हा नव्याने सगळं बसवलं. १९५६ साली त्याचं पेटंट मिळालं. पुढच्या बाजूला सहा स्क्रूंच्या धारेवर डुलणारी पत्र्याची प्लेट, तिच्या पोटाला खाली लोंबणारा धातूचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. दांडी दाबली की प्लेट पुढे कलते, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडली की परत जागेवर. पाठीमागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडून हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता दांडी दाबून स्प्रिंगा ताणल्या जाताना बघत बसलो होतो. दहा नंबरच्या तारांचा संच सुरात लावला की सहा तारांची ओढ मिळून ४५ किलोच्या आसपास जाते. नऊ नंबरच्या, म्हणजे किंचित बारीक तारांच्या संचाची ३८ च्या आसपास. एवढा जोर एका डुलत्या प्लेटवर, आणि समोर तोलायला तीन स्प्रिंगा. हा किराणा दुकानातला तराजू आहे. एका पारड्यात काहीही कमीजास्त झालं की दुसरं हलणारच.

पण आधी स्क्रूंचं. ते वर का येतात, हे समजायला मला वेळ लागला. नेकवर बोटं जिथे तारा दाबतात तो फ्रेटबोर्ड सपाट नसतो, आडव्या अंगाने किंचित कमानदार असतो. त्यामुळे मधल्या तारा उंच आणि कडेच्या दोन तारा खाली. कडेच्या तारांचे सॅडल जितके खाली, तितकी त्यांच्या स्क्रूंची डोकी वर निघतात. जुन्या पद्धतीत म्हणूनच कडेच्या दोन सॅडलना आखूड स्क्रू आणि मधल्यांना लांब असे येत. स्वस्त गिटारींत कुणी एवढा वेळ घालवत नाही, सगळीकडे एकच माप. आणि तळहाताची गादी टेकते नेमकी जाड तारेच्या बाजूला, म्हणजे स्क्रू सर्वांत जास्त वर निघालेले असतात तिथेच.

यावर उपाय दोन. एक म्हणजे आखूड स्क्रू घालणं. दुसरा जरा गमतीचा. नेक जिथे अंगात बसतो त्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, एखादी पातळ चीप सरकवायची. नेक किंचित मागे कलतो, तारा फ्रेटच्या जवळ येतात, मग त्या परत उंच करायला सॅडल वर घ्यावे लागतात, आणि सॅडल वर गेले की स्क्रू आपोआप त्यांच्या पोटात जातात. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी चीपसुद्धा चांगलाच फरक पाडते. टोचतं तळहाताला आणि इलाज होतो नेकच्या मुळाशी, हे मला फार आवडलं. पण माझ्या गिटारचा नेक खाचेत इतका छान गच्च बसला होता की तो उघडायचं मन होईना. मी स्क्रूंच्या वाटेने गेलो.

इतवारीत नट-बोल्टच्या दुकानात गेलो आणि एम-३चे, म्हणजे तीन एमएम जाडीचे, ग्रब स्क्रू मागितले, सहा आणि आठ एमएम लांबीचे, स्टेनलेसचे. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

“कायले लागते जी? दाराच्या हँडलले?”

“गिटारला.”

“गिटारले बी स्क्रू राह्यते का?”

मी खिशातून नमुन्याचा स्क्रू काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो अंगठ्याने फिरवून पाहिला, नखाने खाच तपासली, आणि एक शब्द न बोलता मागच्या फळीवरचा डबा उतरवला. वर सल्लाही दिला, “पाना बरोबर मापाचा वापरजा. ढिला पाना घातला की याचं डोकं गेलंच समजा.” बरोबर होतं त्याचं. अमेरिकेत बनलेल्या गिटारींचे हे स्क्रू इंची मापाचे, बहुतेक आशियाई बनावटीचे मिलिमीटरचे. एकाची ॲलन की दुसऱ्यात बसल्यासारखी वाटते, फिरते, आणि खाच गुळगुळीत करून टाकते. मग तो स्क्रू ना वर येतो ना खाली जातो.

माप काढायची रीत सोपी. आधी तारांची उंची आपल्याला हवी तशी लावून घ्यायची. मग व्हर्नियर या मापकाच्या शेपटीने स्क्रू सॅडलच्या वर किती निघालाय ते मोजायचं. तेवढा आखूड स्क्रू हवा. बाजारात नेमकी ती लांबी मिळत नसेल तर लांबाला कानस लावायची, पण खालच्या टोकाला. वरच्या बाजूने घासलं तर पाना बसायची खाच उथळ होते. मी कडेच्या दोन्ही सॅडलना सहा एमएमचे घातले, मधल्यांना आठचे, आणि एक-दोन टोकं कानशीने घासून त्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. सगळं बसवून झाल्यावर डोळे मिटून तळहात ब्रिजवरून सरकवला. कुठेच काही अडकलं नाही. खरं सांगायचं तर मला एवढ्यावर थांबता आलं असतं. ज्यांना फक्त टोचण्याचा त्रास आहे त्यांनी इथेच थांबावं. नवीन ब्रिजवर पैसे घालण्याआधी मूठभर स्क्रू बदलून पाहायला काय जातं?

माझी दुसरी अडचण मात्र स्क्रूंनी सुटणारी नव्हती. आमच्या घरात खंजिरीवरच्या भजनांचं वळण. माझ्या हातून गिटारवर तेच वाजतं, भजन, अभंग, मधूनच एखादं जुनं सिनेमातलं गाणं. ‘ए’ची तार मोकळी ठेवून षड्ज म्हणून छेडत राहायची आणि वरच्या तारांवर चाल वाजवायची, अशी माझी पद्धत. डुलत्या ब्रिजवर यात एक खोट आहे. वरच्या तारेवर मींड घ्यायला तार ओढली की त्या तारेची ओढ वाढते, तोल बिघडतो, प्लेट केसभर पुढे कलते आणि बाकीच्या सगळ्या तारा उतरतात. म्हणजे चालीतला गंधार चढत असताना खालचा षड्ज घसरतो. रॉक वाजवणाऱ्याला हे चालून जातं, कारण तो ओढलेल्या तारेसोबत दुसरी तार सहसा धरत नाही. ज्याच्या कानाला तंबोऱ्याची सवय आहे त्याला ते सहन होत नाही. आणि उलटी बाजू अशी की तळहात प्लेटच्या मागच्या कडेवर जरा जोरात टेकला की तारा चढतात. म्हणजे हात हलका ठेवण्याकडे सतत लक्ष. जिथे विसावायचं तिथेच सावध राहायचं, हे कसं जमावं?

दांडीचा उपयोग मी करत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ती केव्हाच काढून केसच्या खिशात टाकली होती. दांडी वापरावी तर जेफ बेक या गिटारवादकासारखी. त्याने डुलत्या ब्रिजवर दांडीने अख्ख्या चाली गायल्यासारख्या वाजवल्या, आपली मींड जवळची वाटावी इतक्या. तो हात वेगळा. एरिक क्लॅप्टनने मात्र आपल्या स्ट्रॅटच्या ट्रेमोलोमागे लाकडाचा तुकडा ठोकून तो कायमचा बंद केला. इतक्या हुशारीने बसवलेलं यंत्र लाकडाच्या तुकड्याने अडवायचं, हे मला आधी अन्यायाचं वाटायचं. आता वाटत नाही.

मधला एक मार्गही आहे. मागच्या पोकळीत स्प्रिंगा जिला अडकवलेल्या असतात ती धातूची पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. ते आवळत गेलं की स्प्रिंगा ताणल्या जातात आणि प्लेट मागे येत येत गिटारच्या अंगावर सपाट बसते. हवं तर तीनाच्या जागी चार किंवा पाच स्प्रिंगा लावायच्या. मग तळहात कितीही टेकवा, तारा चढत नाहीत, कारण प्लेटला मागे जायला जागाच उरत नाही. सूर खाली आणायला दांडी चालते. ही सोय पुष्कळांना पुरते. त्या पट्टीला एक वायर डाखलेली असते, ती अर्थिंगची, तिला धक्का लागू द्यायचा नाही. ती तुटली की ॲम्प्लिफायर नुसता गुणगुणत बसतो.

मी हेही करून पाहिलं. षड्ज पुष्कळ सुधारला. पण जाड तारेवर जोरात ओढ घेतली की अजून किंचित हलायचा. मग लाकूड.

नागपुरात राहून लाकडासाठी चिंता करायची म्हणजे कमालच. लकडगंज हे नावच त्यावरून पडलं. आलापल्ली आणि बल्लारशाकडचं सागवान इथल्यांनी घराच्या दारांत, देव्हाऱ्यात, पलंगात पिढ्यान्‌पिढ्या वापरलंय. सागवान हवेतल्या ओलीने फारसं फुगत नाही आणि सुकल्यावर फारसं आकसत नाही. आमच्या हवेला तेच हवं. मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी भाजणी, आणि जुलैत भिंतींना घाम. त्यात उन्हाळ्यात खोलीत कूलर लावला की खिडकीजवळ दमट आणि कपाटाजवळ कोरडं, अशी एकाच खोलीत दोन हवामानं. अशा ठिकाणी पाचर म्हणून मऊ लाकूड घातलं तर एकतर ती उन्हाळ्यात सैल पडेल, नाहीतर पावसाळ्यात फुगून गिटारच्या अंगावर जोर देईल.

लकडगंजात एका आरामशीनवर गेलो. कान फाटेल असा आवाज, हवेत भुसा. मिस्तरीने मशीन थांबेपर्यंत हातानेच विचारलं, काय? मी अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं.

“एवढ्याशा लाकडासाठी लकडगंजात आले काय जी?”

“सागवानच पाहिजे होतं. जुनं, वाळलेलं.”

“तो ढीग पडला हाय. जुन्या चौकटीचे तुकडे हायेत. पाहून घ्या, पैसे राहू द्या.”

ढिगातून मी जुन्या दाराच्या चौकटीचा एक तुकडा निवडला. एका बाजूला निळ्या ऑइलपेंटचे थर, कापलेल्या तोंडाशी मधासारखा रंग, आणि नखाने खरवडला तरी येणारा तो सागवानाचा तेलकट, किंचित चामड्यासारखा वास. कुणाच्या घराचं दार होतं कोण जाणे. मिस्तरीने न मागता तो मशीनवर धरून साधारण माझ्या मापाचा काढून दिला आणि विचारलं, “हे नाही घातलं तरी आवाज येते ना गिटारचा?” मी हो म्हटलं. “मंग काऊन घालाचं?” या प्रश्नाचं उत्तर आरामशीनच्या आवाजात द्यायला मला जमलं नाही.

पाचर जाते कुठे, यात पुष्कळांचा घोळ होतो. स्प्रिंगा ठोकळ्याला नेककडे ओढतात, तारांची ओढ त्याला उलट, पट्ट्याच्या खुंटीकडे ढकलते. प्लेट अंगावर सपाट बसवून घेतली असेल तर ठोकळ्याला मोकळीक उरते ती फक्त खुंटीकडच्या बाजूला. पाचर त्या फटीत. तारा सुरात असताना फट मोजायची, कारण सैल केल्यावर तिचं माप बदलतं. मी तुकडा मापापेक्षा जरा जाड ठेवला आणि पॉलिश पेपर टेबलावर पसरून त्यावर घासत नेला. दोन फेऱ्या मारायच्या, घालून पाहायचा, परत दोन फेऱ्या. बोटाने ढकलला की घासत आत जाईल आणि गिटार उलटी केली तर पडणार नाही, एवढं बसलं की झालं. हातोडी लावायची नाही. पोकळीच्या कडेचं लाकूड पातळ असतं, ते चिरलं तर पाचरीचं कौतुक कुणाला?

आतून निळ्या रंगाची एक रेघ मुद्दाम राहू दिली आहे. मागचं झाकण उघडेल त्यालाच दिसेल.

ते बसवून, तारा सुरात लावून, ‘ए’ मोकळी छेडली आणि वरच्या तारेवर गंधारापासून मध्यमापर्यंत मींड घेतली. षड्ज जागचा हलला नाही. तळहात पूर्ण भार टाकून ब्रिजवर ठेवला, तरी नाही. एक फरक पडला, तोही सांगायला हवा. मोकळ्या ट्रेमोलोत स्प्रिंगा स्वतःशी किणकिणतात, प्रत्येक स्वरामागे एक बारीकशी झाक उरते. ती कमी झाली. आवाज थोडा कोरडा, थोडा ठाम झाला. मला आवडला. ज्याला ती झाक हवी त्याने पाचर घालू नये.

नवीन ब्रिजचाच विचार मी केला नाही असं नाही. गोतोह, विल्किन्सन अशा कंपन्यांचे गुळगुळीत कडांचे, स्क्रू आत लपलेले ब्रिज मिळतात. सदर-सीताबर्डीच्या दुकानांत मला पेटी, तबला, गिटार सगळं दिसलं, सुटा ब्रिज काही मिळाला नाही, म्हणजे बाहेरून मागवणं आलं. आणि मागवताना मापांचं जंगल. जुन्या अमेरिकन मापात पुढच्या सहा स्क्रूंपैकी कडेच्या दोघांतलं अंतर ५६ मिलिमीटरच्या वर, पुष्कळ आशियाई गिटारींत ५२ ते ५४. दोन-चार मिलिमीटरचाच फरक, पण भोकं जुळत नाहीत. भोकं बुजवून नवी पाडली तरी तारा रुंद पसरतात आणि कडेची तार फ्रेटच्या टोकावरून घसरते. वर स्वस्त गिटारींचं अंग कधीकधी पातळ असतं, पूर्ण मापाचा ठोकळा पाठीतून बाहेर डोकावतो. व्हर्नियर घेऊन हे सगळं कागदावर मांडलं आणि मग तो कागद घडी घालून ठेवून दिला. ज्यांचा सॅडल गंजून अडकला असेल, प्लेट वाकली असेल, त्यांनी जरूर बदलावा. माझा शाबूत होता.

हे सगळं ऐकून एक जाणकार म्हणाले, “अहो, पण ओरिजिनल राहिली नाही ना गिटार. विकायला काढाल तेव्हा?” विकण्यासाठी वाजवणारे लोक मला कधी कळले नाहीत. आणि ओरिजिनल म्हणजे काय, हे तर पेटीला विचारावं. युरोपातून आलेल्या हार्मोनियमचा भाता पायाने चालवायचा, वाजवणारा खुर्चीवर. आपण बसतो जमिनीवर. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताने भाता मारायची केली आणि पेटी मांडीसमोर आली. व्हायोलिनचं तेच. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवतो, म्हणून डावा हात तारेवरून लांबवर सरकायला मोकळा राहतो. बसण्याची सोय पाहिली नसती तर ती गमकं तरी कुठून आली असती? माझा निळ्या रेघेचा तुकडा त्या पंगतीत बसवण्याचा आगाऊपणा मी करत नाही. पण ‘मूळ रूपात’ वगैरे कुणी बोलायला लागलं की मला पेटीचा भाता आठवतो.

माझा एक मित्र भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याची कथा निराळी. १३ एप्रिलची रात्र, इंदोऱ्याकडे मोकळ्या मैदानात स्टेज, दिवसभर चाळिशीपार तापलेली हवा, हाताला घाम आणि समोर मध्यरात्रीची वाट पाहणारी गर्दी. अशा रात्री त्याची तार तुटली. डुलत्या ब्रिजवर एक तार तुटली की एका बाजूची ओढ अचानक कमी होते, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाच तारा एकदम चढतात. एक तार गेली तर पाचांवर निभावून नेता येतं, पण पाचही बेसूर झाल्यावर काय वाजवणार! गिटारचा आवाज शून्यावर आणून त्याने ते गाणं नुसत्या अभिनयावर काढलं. कीबोर्डवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तो सांगतो.

त्याला मी पाचर देऊ केली. नको म्हणाला. दोन-तीन गाण्यांत सुरुवातीला दांडी दाबून सूर लोळवायचा असतो, त्यावर त्याला टाळ्या पडतात. मग त्याच्या गिटारला मधला मार्ग केला. चार स्प्रिंगा, पट्टी आवळलेली, प्लेट अंगावर सपाट. दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही. तार तुटली तरी प्लेट आधीच टेकलेली असल्यामुळे उरलेल्या तारा जागच्या जागी राहतात. पुढच्या सहा स्क्रूंपैकी कडेचे दोनच धारेला लावले, मधले चार केसभर सैल सोडले, म्हणजे प्लेट अडखळत नाही. नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं. आणि हो, बारा स्क्रू त्याचेही बदलले. इतवारीच्या त्या दुकानदाराने आता “कायले” विचारणं सोडलंय.

माझा भाचा मात्र माझं काही चालू देत नाही. त्याच्या गिटारवर फ्लॉइड रोज नावाचा ब्रिज आहे, १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या घडणीचा, नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे तारा आवळून कुलूपबंद करणारा. दोन्ही बाजूंना मोकळा डुलतो. तार बदलायची म्हणजे तारेचा मणी कापा, चिमट्यात धरा, आवळा, एक सुरात लावली की दुसरी उतरते, पुन्हा पहिल्यापासून. अख्खी संध्याकाळ त्यात जाते. मी त्याला तराजूचं, षड्जाचं, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि वाजवून दाखवलं. तेव्हा पाहिलं, त्याचा तळहात ब्रिजवर भार टाकतच नाही. मनगट अधांतरी, करंगळी अंगावर टेकलेली, दाबायचं तेवढ्यापुरता हात उतरतो आणि लगेच उठतो. त्याला ब्रिज विसाव्याला नकोच आहे.

“मामा, तुम्ही तुमच्यात पूर्ण दारच घाला,” तो म्हणाला, “माझ्याला हात नका लावू.”

मी त्याच्या स्प्रिंगांना शिलाई मशीनचं तेल तेवढं लावून दिलं. पावसाळा तोंडावर होता.